हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांनी लिहिलेल्या सात वह्या घरात आहेत. तासगावच्या आत्याला आता दिसत नाही आणि भावानं काय लिहिलंय ते तिला ऐकायचंय, म्हणून वाचून रेकॉर्ड करायला बसलोय. आठवडा झाला, पहिलं पान संपत नाही.

मी बोललेलं कानात मागाहून पडतं. 'हळदीचा सौदा' म्हणताना जीभ 'सौदा'वर असते आणि हेडफोनमध्ये 'हळ' चाललेलं असतं. दोन ओळींत बोबडी वळते. हेडफोन काढले की वाचन सरळ होतं, पण मग 'प', 'फ'चा फुत्कार माइकवर बसलाय हे पान संपल्यावर कळतं.

विंडोज लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), त्याला कंडेन्सर माइक, रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला. आधी ब्लूटूथचे होते, त्यात तर फारच उशीर. ऑडॅसिटीत बफर (आवाज पुढे जाण्याआधी जेवढा वेळ साठून राहतो तो) १०० मिलिसेकंदांवरून ३० केला, तर आवाज तडतडायला लागला. लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे उशीर भरून काढायचा, आकडा बदलूनही काही फरक नाही. कुणी मार्ग सांगेल का?

प्रतिसाद (मिरज):
दादा, तो आकडा फक्त रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागे सरकवतो, कानातल्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. तुमचा आवाज माइकमधून लॅपटॉपात जातो, बफरमध्ये थांबतो, परत फिरून कानात येतो. उशीर तिथं होतो. बफर कमी केला की प्रोसेसरला वेळ पुरत नाही, म्हणून तडतड. हेडफोन लॅपटॉपला नको, इंटरफेसलाच लावा. त्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल, ते चालू करा. आवाज लॅपटॉपात न जाता तिथूनच कानात येईल. आणि ऑडॅसिटीतलं सॉफ्टवेअर प्लेथ्रू (माइकचा आवाज लॅपटॉपातून कानात परत पाठवणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर एक आवाज लगेच आणि दुसरा मागून, असे दोन ऐकू येतील. बफर परत १०० करा.

मूळ प्रश्नकर्ता:
झालं! इंटरफेसच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं मोठं भोक होतं, माझी पिन लहान म्हणून मी ते सोडूनच दिलं होतं. गणपती पेठेतून जोडपिन आणली. प्लेथ्रू आधी राहून गेलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात तसे खरंच दोन आवाज आले. आता शब्द ओठावर असतानाच कानात येतो. काल रात्री पंखा बंद करून चौदा पानं सलग वाचली आणि सकाळी आत्याला फाइल पाठवली. मनापासून आभार.