पायांवरील जाळीदार शिरा आणि गालांवरील लाल रेषा: उपचार कोणता, आणि आधी तपासायचे काय?

प्रश्न: शिक्षिका, सोलापूर

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझे वय चौतीस आहे. दिवसाचा बराचसा वेळ फळ्यासमोर उभ्याने जातो. दुसऱ्या गरोदरपणात सहाव्या महिन्याच्या सुमारास मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जांभळ्या-निळ्या बारीक शिरांचे जाळे दिसू लागले. बाळ आता सात महिन्यांचे असून अंगावर पिते. मांड्यांवरचे जाळे बरेच फिकट झाले आहे, घोट्याजवळचे मात्र तसेच आहे; संध्याकाळी तो पाय जड होतो आणि मोज्याच्या कडेचा वळ उमटतो. माझ्या आईला व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास होता आणि तिच्या घोट्यावर झालेली जखम कित्येक महिने भरत नव्हती, म्हणून मला अधिक काळजी वाटते. एका सौंदर्योपचार केंद्रात चौकशी केली, तेव्हा पाय न तपासताच लेझरच्या बैठकांचे पॅकेज सांगण्यात आले.

दुसरा प्रश्न धाकट्या बहिणीविषयी आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले, रंग उजळण्यासाठी म्हणून दिलेले मलम ती वर्षाहून अधिक काळ चेहऱ्याला लावत आहे. आता तिच्या गालांवर आणि नाकाच्या कडेला लाल धाग्यांसारख्या रेषा आल्या आहेत, आणि मलम दोन दिवस थांबवले तरी चेहरा लाल होऊन आग होते. आम्हा दोघींनी नेमके कोणाला भेटावे आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: शल्यचिकित्सक, पुणे

ताई, आपण मांडी आणि घोटा यांचे वर्णन वेगवेगळे केले आहे, ते फार उपयोगी आहे, कारण या दोन ठिकाणच्या जाळ्यांचा अर्थ एकच असेल असे नाही. अनेकांना वाटते तशा या बारीक शिरा फुटलेल्या नसतात. फुटल्या असत्या, तर रक्त त्वचेखाली साकळून काळानिळा डाग पडला असता आणि तो दोन-तीन आठवड्यांत विरून गेला असता. येथे अतिसूक्ष्म वाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या वाहिन्यांना स्पायडर व्हेन्स म्हणतात, एक ते तीन मिलिमीटरच्या हिरवट-निळ्या शिरा त्यांच्या वरच्या गटात येतात, आणि उभे असताना तीन मिलिमीटर किंवा अधिक रुंद होणाऱ्या फुगीर शिरांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढत्या गर्भाशयाचा ओटीपोटातील शिरांवर दाब येतो. त्यामुळे त्या काळात उमटलेली जाळी बाळंतपणानंतर वर्षभरात अनेकदा आपोआप फिकट होतात. आपल्या मांड्यांवर तेच घडत असावे, आणि तेथे तूर्त काहीही करण्याची घाई नको.

घोट्याचे तसे नाही. घोट्याच्या आतील बाजूस पंख्यासारखे पसरलेले बारीक शिरांचे जाळे, त्याच पायाला संध्याकाळी येणारी सूज आणि आईचा इतिहास या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर, वरच्या एखाद्या मोठ्या शिरेतील झडपा निकामी झाल्या आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते. पायातील रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरांतील दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो आणि निरोगी पायात चालू लागताच तो बराच खाली येतो. झडपा गळत असतील, तर तो पुरेसा उतरत नाही, आणि वर्षानुवर्षे टिकलेल्या या दाबामुळेच पुढे घोट्याभोवतीची त्वचा काळवंडते, कडक होते आणि काहींना न भरणारी जखम होते. प्रत्येकाची गाडी तेथवर जात नाही, परंतु आपल्या घरात ती गेलेली आहे.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे पायांच्या शिरांची कलर डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतील रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी. ती रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने करावी आणि झडपांची तपासणी आपण उभ्या असतानाच व्हावी, असा आग्रह धरावा. केवळ आडवे झोपवून केलेल्या तपासणीत उलटा प्रवाह निसटू शकतो. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ रक्त उलट वाहत असेल, तर तो दोष मानला जातो. असा दोष सापडला, तर आधी त्या मोठ्या शिरेचा विचार होतो आणि जाळ्याचा नंतर. पोसणारी शीर तशीच ठेवून वरचे जाळे पुसले, तर ते पुन्हा उमटते आणि खर्च वाया जातो. पाय न पाहता पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

बाळ अंगावर पीत असेपर्यंत स्क्लेरोथेरपी, म्हणजे सुईने औषध सोडून शिरा मिटवण्याचा उपचार, पुढे ढकलणेच योग्य. डॉपलर मात्र आताही निर्धोकपणे करता येते.

उत्तर २: परिचारिका, नाशिक

माझेही काम उभ्याचेच आहे आणि डॉपलरमध्ये मोठ्या शिरा ठीक निघाल्यावर मी पोटऱ्यांवर स्क्लेरोथेरपी करून घेतली, म्हणून अनुभवाचे थोडे लिहिते. अतिशय बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट सोडतात. त्यामुळे शिरेच्या आतील अस्तराला इजा होते, ती मिटते आणि शरीर तिला हळूहळू शोषून घेते. भूल लागत नाही. सुई टोचल्याचे जाणवते आणि नंतर थोडी खाज सुटते. त्याच दिवशी चालायला सांगतात, किंबहुना चालणे हा उपचाराचाच भाग असतो.

मला आधी कोणी नीट समजावले नव्हते, ते असे की पाय सुरुवातीला पूर्वीपेक्षा वाईट दिसतात. सुई दिलेल्या जागी काळेनिळे होते, काही शिरांत साकळलेले रक्त गाठीसारखे हाताला लागते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर शिरेच्या रेषेतच तपकिरी डाग उमटू शकतात, जे फिकट व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. त्या काळात पायांवर ऊन पडू देऊ नये. त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात हा उपचार सुरू करण्यापेक्षा दिवाळीनंतरचा काळ निवडावा. उपचारानंतर घालायचे दाब देणारे मोजेही तेव्हा सुसह्य होतात.

उत्तर ३: त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर

बहिणीबद्दल लिहितो, कारण तिला अधिक तातडीने मदत हवी आहे. रंग उजळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असते, काहींत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. नळीवरील घटकांची यादी वाचून पाहावी. स्टिरॉइड दीर्घकाळ लावल्याने त्वचेतील कोलॅजन कमी होते, त्वचा पातळ होते, आधार गमावलेल्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि वरून स्पष्ट दिसू लागतात. मलम थांबवताच होणारी आग आणि लाली हा स्टिरॉइडवरील अवलंबनाचाच परिणाम आहे. ते पाहून ‘मलमानेच बरे वाटते’ असे समजून पुन्हा लावले, की चक्र सुरू राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची मिळणारी सवलत काढून घेतली, तरीही ती सहज हाती पडतात, याची मला मनापासून चीड आहे.

मलम कसे थांबवायचे, एकदम की सौम्य मलमावर आणून टप्प्याटप्प्याने, हे त्वचारोगतज्ज्ञाने चेहरा पाहून ठरवावे. दरम्यान सुगंधरहित सौम्य क्लीन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइड असलेले किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन एवढेच वापरावे. वाफ घेणे, ब्लीच, स्क्रब, लिंबू आणि दाबून केलेले फेशियल पूर्ण बंद असावे. आग शमून त्वचा सावरेपर्यंत काही महिने जातात, आणि काही रेषा त्या काळात फिकटही होतात.

ज्या उरतील त्यांच्यासाठी लेझर आहे, पण भारतीय त्वचेत यंत्राची निवड फार महत्त्वाची ठरते. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा केटीपी लेझर आणि ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर यांचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषते, परंतु त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही तो शोषते, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर भाजून डाग राहण्याचा धोका वाढतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो आणि मेलॅनिनमध्ये कमी अडतो, तरीही त्याची ऊर्जा अनुभवी हातानेच ठरवावी. आधी कानापुढच्या लहानशा भागावर चाचणी करून काही आठवडे थांबावे. पायांवरील जाळ्यांसाठी मात्र लेझरपेक्षा सुईचाच उपचार सहसा अधिक परिणामकारक ठरतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉपलरची वेळ घेत आहे. तोवर दाबाचे मोजे घालावेत का, आणि आई तिळाच्या तेलाने पाय चोळून शेकायला सांगते, ते करावे का? जमिनीवर मांडी घालून बसण्यानेही शिरा वाढतात, असे सहकारी म्हणतात.

उत्तर ४: शल्यचिकित्सक, पुणे

मांडी घालून बसल्याने या शिरा होतात, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही, तेव्हा निर्धास्त बसावे. तेल हलक्या हाताने, घोट्याकडून गुडघ्याकडे लावल्यास बरे वाटेल, जाळे मात्र त्याने जाणार नाही. शेक टाळावा, कारण उष्णतेने शिरा आणखी रुंदावतात. जडपणासाठी दिल्या जाणाऱ्या डायोस्मिन किंवा कॅल्शियम डोबेसिलेटच्या गोळ्यांनीही जाळे जाणार नाही, आणि स्तनपान चालू असताना त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मोज्यांनी सूज आणि जडपणा नक्की कमी होतो, परंतु त्यांनी नवी जाळी होतच नाहीत, असे मी सांगू शकत नाही. गुडघ्यापर्यंतचे, मध्यम दाबाचे मोजे पुरतात. सकाळी सूज नसताना घोटा आणि पोटरी यांचे माप देऊन घ्यावेत आणि अंथरुणातून उठल्यावर लगेच चढवावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असलेल्या व्यक्तीने ते स्वतःहून घालू नयेत, त्यामुळे तपासणीशिवाय आईला आपले मोजे देऊ नका. वर्गात एका जागी खिळून उभे राहण्याऐवजी बाकांमधून फिरत शिकवावे, आणि फळ्यावर लिहिताना टाचा अधूनमधून उचलाव्यात.

एक पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा त्यासोबत धाप लागली, तर डॉपलरच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते.