राजपिपळा, गोध्रा, मोरबी... आणि सयाजीचं काय?

दांडियाबाजारकर
जीएमईआरएसच्या नव्या मेडिकल कॉलेजांचं सगळीकडे कौतुक चाललंय, म्हणून मुद्दाम उलटं लिहितोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही गुजरात सरकारचीच सोसायटी. सोला, गोत्री, गांधीनगर, हिंमतनगर, धारपूर, वलसाड, जुनागढ, वडनगर ही कॉलेजं तिची. २०२२ मध्ये नवसारी, पोरबंदर, राजपिपळा, गोध्रा, मोरबी अशी आणखी पाच निघाली. माझं म्हणणं एवढंच की आता थांबा. आधी सयाजीला, म्हणजे बडोदा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, आणि गोत्रीला माणसं द्या.

इमारत दोन वर्षांत उभी राहते, प्राध्यापक राहत नाही. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ चं. त्याचं आज जे नाव आहे ते वॉर्डात उभं राहून शिकवणाऱ्यांनी कमावलंय. नवीन कॉलेजची तपासणी आली की जुन्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या बदल्या करायच्या आणि तपासणी आटोपली की परत आणायचे, हा खेळ आपण पेपरात किती वेळा वाचला? आता चेहरा दाखवून हजेरी आली, तेव्हा हे जरा अवघड झालं असेल. पण मग नवी माणसं आणायची कुठून?

आणि सयाजीराव महाराजांचं नाव घेणाऱ्यांनी हेही बघावं. सक्तीचं शिक्षण त्यांनी आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं, मग १९०६ मध्ये राज्यभर आणलं. मधे तेरा वर्षं गेली. इथे एका वर्षात पाच कॉलेजं!

नर्मदाकाठ
काका, तुमचं घर दांडिया बाजारात. रिक्षात बसलात की सयाजी आलंच. त्यामुळे "थांबा" म्हणणं तुम्हाला परवडतं.

मी नर्मदा जिल्ह्यातल्या डेडियापाडा तालुक्यात शिक्षक आहे. इथून बडोदा शंभराहून जास्त किलोमीटर, राजपिपळा त्याच्या निम्म्याहूनही कमी. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर हातात तास-दोन तास असतात. १०८ ची गाडी २००७ पासून आहे आणि चांगली आहे, पण ती गाडीच आहे, ऑपरेशन थिएटर नाही.

आमच्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे. वर्गातलं पोरगं एकाएकी पाय धरून कळवळायला लागतं. त्याला सलाईन, दुखणं मारणारं औषध आणि वेळ पडली तर रक्त लागतं, तेही त्याच दिवशी. यासाठी त्याच्या बापाने मजुरी बुडवून बडोद्याला यायचं?

महाराजांचं म्हणाल तर अमरेली म्हणजे बडोदा शहर नव्हे. त्यांनी सुरुवात लांब काठेवाडात केली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे :)

मेडिसिन रेसिडेंट
दोघेही कॉलेज आणि हॉस्पिटल एकच धरून बोलताय, म्हणून लिहितो.

रात्री अडीचला सयाजीत पेशंट आला की त्याला पहिला हात लागतो तो इंटर्न किंवा रेसिडेंटचा, म्हणजे एमडी-एमएस शिकणाऱ्या डॉक्टरचा. प्रोफेसरसाहेब फोनवर असतात. मोठं सरकारी हॉस्पिटल चोवीस तास चालतं ते या पोरांच्या जिवावर. आता हिशेब करा. राजपिपळ्याची पहिली बॅच २०२२ ची. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, म्हणजे पहिले इंटर्न २०२७ मध्ये. एमडी-एमएसच्या जागा आल्याशिवाय रेसिडेंट नाहीत. तोवर बोर्डावर "मेडिकल कॉलेज" लिहिलं तरी रात्रीचं हॉस्पिटल जुनंच. गंभीर पेशंट १०८ मध्ये घालून इकडेच येणार. आमचा भार हलका व्हायला बराच अवकाश आहे.

तरीही कॉलेज काढू नका असं मी म्हणणार नाही. आज सुरू नाही केलं तर २०२७ येणारच नाही.

आजवा रोड
फीवर कोणीच बोलत नाही. बडोदा मेडिकलला वर्षाचे पंचवीस हजारांच्या आसपास. जीएमईआरएसला सरकारी कोट्यात ३ लाख ७५ हजार! तेही २०२४ च्या जुलैत आधी साडेपाच लाख केले होते, पालक रस्त्यावर उतरले तेव्हा खाली आणले. मॅनेजमेंट कोटा १७ लाखांवरून १२ वर. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला मुलगा डेडियापाड्याला राहील की बडोद्यात अलकापुरीत क्लिनिक टाकेल? सरकारी म्हणायचं आणि फी अशी घ्यायची, हे मला पटत नाही. मुलगी बारावीला आहे, म्हणून रागाने लिहितोय, समजून घ्या.

हिशेबी
आजवा रोडवाले, खाजगी डीम्ड विद्यापीठाची फी विचारून या, मग हीच स्वस्त वाटेल.

माझा प्रश्न वेगळाच आहे. पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर जुलै २०२३ पासून दहा लाखांचं कव्हर आहे. गरिबाला चांगल्या खाजगी हॉस्पिटलात फुकट उपचार मिळतात. मग सरकारने ही एवढी मोठी हॉस्पिटलं चालवायचीच कशाला? पैसे कार्डात घाला, लोक आपापलं हॉस्पिटल निवडतील.

निवृत्त सिस्टर
हिशेबी, तुमच्या हिशेबात रस्त्यावर बेशुद्ध सापडलेला माणूस कुठे बसतो? त्याच्याकडे कार्ड नाही, नाव नाही, नातेवाईक नाहीत. जेलमधला कैदी? पोस्टमॉर्टेम कोण करणार, कोर्टात साक्षीला कोण जाणार? औषधांना दाद न देणारा टीबी महिनोन्महिने कोण सांभाळणार? कार्ड ऑपरेशनचे पैसे देतं. डॉक्टर घडवत नाही, नर्सही नाही.

मी रुक्मिणी चैनानीत, म्हणजे सयाजीच्या प्रसूतिगृहात, नोकरी केली. बाहेरून झटके आलेली बाई यायची. चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी रवाना" एवढंच. बीपी किती होतं, झटके थांबवायचं मॅग्नेशियम दिलं का, किती वाजता, किती, काही नाही. सोबतच्या सासूला विचारावं तर ती म्हणणार, "एक सुई दिली." आता दिलेलं असेल आणि आम्ही पुन्हा पूर्ण डोस दिला तर श्वास बंद पडायची भीती. नसेल दिलं आणि थांबलो तर पुढचा झटका. मग गुडघ्यावर हातोडी मारून बघा, लघवी किती झाली बघा, श्वास मोजा. त्यात वेळ जातो.

जिथे शिकवणारी माणसं असतात तिथून येणारी चिठ्ठी वेगळी असते, हे मी पाहिलंय. म्हणून मी नर्मदाकाठ यांच्या बाजूची. राजपिपळ्याहून पेशंट बडोद्याला आला तरी चालेल, पण नीट येऊ दे.

दांडियाबाजारकर
सिस्टर, चिठ्ठीचं मान्य. पण त्यासाठी अख्खं कॉलेज काढायला हवं? तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना सयाजीत महिनाभर आणून शिकवा. शंभर जागांच्या कॉलेजला नियमाने चारशेवीस खाटा लागतात. त्या भरलेल्या दाखवायच्या नादात काय काय होतं, ते सांगायला लावू नका. आणि कार्डाच्या मुद्द्यावर मी हिशेबींच्या विरोधात, हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर आम्हा दोघांना एका ताटात बसवाल.

नर्मदाकाठ
"इथून तिकडे नेऊन शिकवा" म्हणजे आमच्याकडचे दोन डॉक्टर महिनाभर नाहीत. त्या महिन्यात कोण? उलट करा ना. तुमचे रेसिडेंट इकडे पाठवा. तसा नियमही आहे, जिल्हा रेसिडेन्सी म्हणतात, तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात.

मेडिसिन रेसिडेंट
आहे नियम, करतोही आम्ही. खूप शिकायला मिळतं, तिथे निर्णय स्वतःला घ्यावा लागतो. फक्त दादा, आमच्या युनिटमधून एकजण तिकडे गेला की इथली त्याची रात्रपाळी उरलेल्यांत वाटली जाते. नव्या जागा मंजूर करून द्या, मी पहिल्या गाडीने राजपिपळ्याला येतो. राहायला खोली आणि रात्री चालू असलेली ब्लड बँक तेवढी बघून ठेवा.

नर्मदाकाठ
खोलीची जबाबदारी माझी. ब्लड बँकेचं काकांना विचारा, त्यांचा पैसा सगळा सयाजीत जायचाय.