मदत हवी आहे: टॅक्स न भरलेली गाडी ठोकली, इन्शुरन्सवाले हात वर करतील का? (यूके)

धांदरट_बाई:
मंडळी, कालपासून झोप उडाली आहे म्हणून इथे विचारतेय.

या महिन्याच्या ६ तारखेला सेकंडहँड गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "मार्चपर्यंतचा टॅक्स भरलाय, बघायलाच नको." मी मान डोलावली. इन्शुरन्स मात्र गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच काढला होता, कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा), त्याच दिवसापासून सुरू. एमओटीही, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्रही, आहे.

काल २४ तारखेला राउंडअबाउटवर पुढची गाडी निघाली असं वाटलं. उजवीकडे बघत मी क्लच सोडला, आणि ती जागची हललीच नव्हती. चूक शंभर टक्के माझी. त्यांचा मागचा बंपर गेला, माझं बॉनेट दुमडलं आणि रेडिएटर गळतोय. कुणाला लागलं नाही. नावं, नंबर घेतले-दिले.

घरी आल्यावर नवऱ्याने सहज गाडीचा नंबर डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंदणी आणि टॅक्स बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर टाकला. एमओटीसमोर हिरवी खूण, टॅक्ससमोर लाल फुली! म्हणजे अठरा दिवस मी विनाटॅक्स गाडी हाकतेय. आता कंपनी म्हणेल का की टॅक्स नाही म्हणून पॉलिसी रद्द? समोरच्याचे पैसे मलाच द्यावे लागतील का? अजून कंपनीला फोन केलेला नाही. आधी टॅक्स भरू की आधी फोन करू, हेही कळत नाहीये.

सडेतोड:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टॅक्स नाही म्हणजे गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा. बेकायदा गाडीला विमा कसला? कंपनीला कळवूच नका. समोरच्याला रोख पैसे देऊन मिटवून टाका.

जुनी_फाइल:
सडेतोड, तुमच्या नावाचा मान राखून सांगतो, हा सल्ला धोक्याचा आहे. मी काही वर्षं मोटर क्लेम्सच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, आधी पाणी प्या. टॅक्स हा तुमच्या आणि डीव्हीएलएच्या मधला व्यवहार, विमा हा तुमच्या आणि कंपनीच्या मधला करार. पहिला चुकला म्हणून दुसरा आपोआप मोडत नाही. लोक "बिनविम्याची" आणि "बिनटॅक्सची" गाडी एकाच पारड्यात टाकतात, पण कायद्याच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमा नसताना गाडी चालवली तर १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम १४३ खाली गुन्हा होतो आणि लायसन्सवर किमान ६ पॉइंट बसतात. टॅक्स नसेल तर दंड होतो, पॉइंट एकही नाही.

समोरच्या माणसाची तर चिंताच सोडा. त्याच कायद्याचं कलम १५१ असं आहे की तुमच्याविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला तर तिसऱ्या पक्षाचे पैसे कंपनीला चुकते करावेच लागतात, तुमच्याशी तिचं कितीही बिनसलेलं असो. त्यांचा बंपर दुरुस्त होणार.

उरलं तुमचं बॉनेट आणि रेडिएटर. इथे पॉलिसीचं पुस्तक काढा आणि "जनरल कंडिशन्स" वाचा. बहुतेक पुस्तकांत टॅक्सचा उल्लेखही नसतो. काहींत "गाडी रस्त्यावर चालवण्यास कायदेशीर असावी" अशा अर्थाचं वाक्य असतं. ते सापडलं तरी घाबरू नका. इन्शुरन्स अ‍ॅक्ट २०१५ चं कलम ११ अशाच प्रसंगासाठी आहे. अट मोडल्यामुळे त्या परिस्थितीत त्या नुकसानीचा धोका वाढणं शक्यच नव्हतं, हे तुम्ही दाखवलंत तर कंपनीला त्या अटीचा आधार घेऊन पैसे अडवता येत नाहीत. टॅक्स भरला असता तर तुमचा क्लच उशिरा सुटला असता का? नाही ना? ब्रेक खराब असते किंवा टायर गुळगुळीत असते तर मी हे इतक्या छातीठोकपणे लिहिलं नसतं, कारण त्यांचा अपघाताशी थेट संबंध लागतो.

कंपनीला न कळवण्याबद्दल: क्लेम करायचा नसला तरी अपघात कळवणं ही जवळजवळ प्रत्येक पॉलिसीची अट असते. तुम्ही रोख देऊन मिटवलंत आणि तीन आठवड्यांनी समोरच्याची मान दुखू लागली, तर कंपनी विचारेल तेव्हा का नाही सांगितलं. टॅक्सपेक्षा त्या प्रश्नाला उत्तर देणं कितीतरी अवघड.

लंडनची_मावशी:
विकणारा कदाचित खोटं बोलला नसेल गं. पूर्वी काचेवर गोल कागदी टॅक्स डिस्क चिकटवायचो, आणि गाडी विकली की ती डिस्क गाडीसोबत जायची. १ ऑक्टोबर २०१४ पासून डिस्कही गेली आणि ती पद्धतही. आता मालक बदलल्याचं डीव्हीएलएला कळलं की जुन्या मालकाला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत जातात आणि नव्या मालकाने चाक फिरवण्याआधी स्वतः टॅक्स भरायचा असतो. लॉगबुकातली, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदातली, नव्या मालकाची स्लिप असेल ना तुझ्याकडे? त्यावरचा १२ आकडी नंबर टाकून आत्ता, हे वाचता वाचता भर. पाच मिनिटांचं काम.

धांदरट_बाई:
मावशी, भरला! पण गंमत बघा, आज २५ तारीख, आणि टॅक्स १ तारखेपासून लागू झालेला दाखवतोय. म्हणजे कागदोपत्री कालही टॅक्स होता?

जुनी_फाइल:
हो, टॅक्स महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच धरतात. तुम्ही ६ ला गाडी घेतली, तरी पूर्ण महिन्याचे पैसे गेले. आणि विकणाऱ्याला या महिन्याचा परतावा मिळणार नाही, कारण तो फक्त पुढच्या पूर्ण महिन्यांचाच मिळतो. एकाच महिन्याचे पैसे दोघांकडून! सरकारी हिशोब.

पण या तारखेच्या आडोशाला उभ्या राहू नका. कंपनीने विचारलं तर सरळ सांगा: टॅक्स गाडीसोबत आलाय असा समज होता, कळल्यावर लगेच भरला. विचारलं नाही तर स्वतःहून पुराण लावायची गरज नाही. मात्र खोटं अजिबात नको. त्याच २०१५ च्या कायद्याचं कलम १२ फसव्या क्लेमचं आहे, आणि तिथे कंपनी अख्खा क्लेम नाकारू शकते. साध्या चुकीसाठी कुणी एवढं पणाला लावतं का?

खुर्चीतला_ड्रायव्हर:
मध्येच घुसतो. माझी गाडी सॉर्नवर आहे, म्हणजे रस्त्यावर नाही असं जाहीर करून गॅरेजात उभी. तिलाही हेच सगळं लागू का? इन्शुरन्स चालू आहे.

जुनी_फाइल:
नाही, तुमचं प्रकरण वेगळं आणि जास्त नाजूक. आधी इन्शुरन्स कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. उभ्या गाडीसाठी फक्त आग आणि चोरीची पॉलिसी काही जण घेतात, तिच्यात गाडी चालवण्याला संरक्षणच नसतं. तशी गाडी बाहेर काढलीत तर ती खरोखरच बिनविम्याची. शिवाय सॉर्नवरची गाडी रस्त्यावर सापडली तर कोर्टात २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच वेळ घेतलेल्या एमओटीला जाण्या-येण्याची सूट आहे, पण तेवढीच, आणि त्यालाही चालवण्याचा विमा लागतोच. वाटेत बाजारहाट नको.

सडेतोड:
बरं, माझं चुकलं. पण डीव्हीएलएचं पत्र येईल ना? आणि पुढच्या वर्षी प्रीमियमच्या फॉर्ममध्ये ते लिहावं लागेल?

जुनी_फाइल:
येऊ शकतं. नेहमीचं पत्र ८० पाउंडांच्या दंडाचं, ३३ दिवसांत भरला तर ४०. हा दिवाणी दंड आहे, कन्व्हिक्शन (कोर्टात सिद्ध झालेला गुन्हा) नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये "मोटरिंग कन्व्हिक्शन्स" विचारतात तिथे तो बसत नाही. पत्राकडे दुर्लक्ष करून प्रकरण कोर्टात गेलं तर मात्र रक्कम १,००० पाउंडांपर्यंत किंवा टॅक्सच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकते. अपघात मात्र फॉर्ममध्ये लिहायचाच, ताई, आणि प्रीमियम वाढला तर तो त्यामुळे वाढेल.

धांदरट_बाई:
फोन केला! पाऊण तास चालला. गाडी कोण चालवत होतं, वेग किती होता, एमओटी कधीची, पाऊस होता का, कामावर जात होतीस का, सगळं विचारलं. टॅक्सचा शब्दही नाही. शेवटी मीच न राहवून सांगितलं. तिकडची बाई म्हणाली, "नोंद करते," आणि पुढे विचारलं की गाडी टोईंग करून न्यायची की चालवत आणणार. एक्सेस ३५० पाउंड आहे, तेवढे माझ्या खिशातून.

समजा उद्या त्यांनी फाटे फोडले तर?

जुनी_फाइल:
तर लेखी तक्रार करा. कंपनीला अंतिम उत्तर द्यायला ८ आठवडे मिळतात. ते पटलं नाही तर त्या उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे (ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जायचं, फी नाही. पण नोंद करून पुढे टोईंगचं विचारलंय म्हणजे तशी वेळ येईल असं वाटत नाही. आणि रेडिएटर गळत असताना गाडी चालवत नेऊ नका, टोईंगच सांगा.

धांदरट_बाई:
टोईंगच सांगितलं. मंगळवारी येतायत.