मदत हवी आहे: आईचा पहिला लॅपटॉप येतोय, टाईपरायटरवर हात बसलेल्या माणसासाठी विंडोज ११ कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

आईसाठी लॅपटॉप मागवलाय. भिवंडीच्या गोदामातून निघाल्याचा मेसेज आला आणि तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. आई कुडाळला असते, मी ठाण्यात, आणि रोज सकाळी पहिला फोन तिचा, "गे, खंय पावलो तो?" मग मी ट्रॅकिंग उघडून सांगते की कोल्हापूरला पोचलाय, मग ती शेजारच्या काकूंना सांगते, मग दुपारी परत, "आज तरी येतलो मां?" खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलंय, प्लग पॉईंट तपासून घेतलाय, चष्म्याचा नंबर पण नवीन करून आणला. मला इतका आनंद होतोय ना तिचा हा उत्साह बघून, त्यामुळे लॅपटॉप हातात आल्यावर पहिल्याच दिवशी काहीतरी अडलं आणि तिचा हिरमोड झाला असं मला होऊ द्यायचं नाहीये, म्हणून आधीच विचारून ठेवतेय.

थोडी पार्श्वभूमी. आई पंचायत समितीत टायपिस्ट होती. मराठी ४० ची (मिनिटाला ४० शब्द) परीक्षा पास, आयुष्यभर गोदरेजच्या मशीनवर रेमिंग्टन पद्धतीने (जुन्या टाईपरायटरच्या बटणांच्या मांडणीने) टायपिंग, बोटं न बघता चालतात. रिटायर झाल्यावर घरच्या जुन्या डेस्कटॉपवर (विंडोज ७) कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप करायची कारण त्यात बटणं टाईपरायटरसारखीच आहेत. आणि त्या डेस्कटॉपवर तिचं खरं धन आहे. गेली कित्येक वर्षं ती आजूबाजूच्या वाड्यांमधून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी आणि देवळातली गाऱ्हाणी लिहून घेतेय. वहीत उतरवते आणि मग घरी येऊन टाईप करते. यातल्या बऱ्याच बायका आता नाहीत. डेस्कटॉप अजून चालू होतो पण हार्डडिस्कमधून कटकट आवाज येतो आणि मला त्याची फार धास्ती वाटते.

आता लॅपटॉप: १५.६ इंच स्क्रीन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ होम. गेमिंग वगैरे काही नाही, टायपिंग, यूट्यूबवर दशावतार आणि व्हिडिओ कॉल.

माझे प्रश्न असे की विंडोज ११ मध्ये रेमिंग्टन मराठी कीबोर्ड मिळतो का, मी माझ्या मशीनवर बघितलं तर मराठी आणि मराठी फोनेटिक एवढंच दिसतंय. दुसरं, कृतिदेवच्या फाईली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, ते युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत) आणायचं म्हणजे नक्की काय करायचं आणि त्यात ओव्यांचं काही बिघडणार नाही ना. तिसरं म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी ती एकटी असेल तर तिने काय काय बघून घ्यावं. आणि कोकणातला पाऊस, लाईटचा खेळखंडोबा, यासाठी काही काळजी घ्यायची असेल तर तेही सांगा. मी शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघतेय, सेटअप मीच करणार आहे.

जुनी_रिबन:

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ४० ची परीक्षा पास झालेल्या माणसाला फोनेटिक कीबोर्ड देऊ नका, एवढं पहिलं सांगतो. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी टाईप करणं हे त्यांच्यासाठी उलटं काम होईल. फोनेटिक चांगलाच आहे, २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तो मराठीसकट १० भारतीय भाषांसाठी आतच येतो, पण तो आपल्यासारख्या मोबाईलवर शिकलेल्यांसाठी.

विंडोजमध्ये नुसतं मराठी म्हणून जो दिसतोय तो इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड. रेमिंग्टन आत नसतो, तो बाहेरून टाकावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं आयएसएम व्ही ६ हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात, त्यात टाईपरायटर ले-आऊट निवडता येतो. कुडाळमध्ये सरकारी टायपिंग परीक्षेचा एखादा क्लास असेलच, तिथल्या सरांना भेटा, ते लावून देतील आणि आईंशी गप्पाही मारतील. फक्त एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, टाईप करताना ते युनिकोडमध्येच जातंय ना. सी-डॅकच्या फॉन्टांमध्ये नावाच्या सुरुवातीला डीव्ही-टीटी असेल तर तो जुन्या पद्धतीचा, डीव्हीओटी असेल तर युनिकोड. सुरेख हा फॉन्ट दोन्ही रूपांत आहे, त्यामुळे नुसतं सुरेख दिसलं की बरोबर आहे असं समजू नका.

एफ_पाच:

मी थोडं वेगळं सांगतो. रेमिंग्टन लावून द्याच, पण इन्स्क्रिप्टही शेजारी ठेवा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की अदलाबदल होते. मी स्वतः टाईपरायटरवरून इन्स्क्रिप्टवर आलो. बोटांना नवीन जागा शिकवायला वेळ लागतोच, पण डोक्याला सगळ्यात जास्त त्रास दिला तो क्रमाने. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये आपण बोलतो तसं, आधी क मग वेलांटी. रफाराचंही तेच. 'वर्ष' टाईप करताना टाईपरायटरवर ष झाल्यावर वर रफार, इन्स्क्रिप्टमध्ये व, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), ष. एकदा हे पटलं की पुढे सोपं आहे, स्वर आणि मात्रा सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. लॅपटॉप बदलला, ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या मशीनवर बसलो तरी काही टाकावं लागत नाही.

आणि तुमच्या 'गाऱ्हाणी'तला तो ऱ्ह! इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी जे, मग डी म्हणजे हलन्त, मग यू म्हणजे ह. झालं. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'म्हाताऱ्या' सगळे असेच, फक्त शेवटी यूऐवजी तिरकी रेघ म्हणजे य. ळ शिफ्ट एनवर. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा. कीबोर्डवर चिकटवायचे मराठी स्टिकर पण मिळतात, घेताना ते कुठल्या ले-आऊटचे आहेत ते बघूनच घ्या.

मी (धागाकर्ती):

बाप रे, किती छान समजावलंत दोघांनी. वेलांटीचं आईला फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाली, म्हणजे जसा बोलतंव तसाच लिहूचा, आणि मग हवेत बोटं हलवून बघत होती बहुतेक कारण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दोन्ही लावून देणार, ठरलं. आता जुन्या फाईलींचं सांगा कोणीतरी, माझा जीव तिथे अडकलाय.

खिळे_जुळवणारा:

डीटीपीत (छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्यात) आयुष्य गेलं, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्र काढतो. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर कडबोळं दिसतं. फाईल खराब झालेली नाहीये, घाबरू नका. पण अशा फाईलीत शोध चालत नाही, आणि मजकूर मोबाईलवर पाठवला की समोरच्याला कडबोळंच दिसतं.

आता क्रम. लॅपटॉपची वाट बघू नका, घरी पोचल्या पोचल्या आधी डेस्कटॉपकडे जा. हार्डडिस्क कटकट करतेय म्हणजे ती कधीही बसेल. सगळं दोन वेगवेगळ्या पेनड्राईव्हवर घ्या, एक घरात राहील, एक तुमच्याबरोबर ठाण्याला. त्यावर कृतिदेवची फॉन्ट फाईल पण घ्या, कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्स म्हणून आहे तिथून. ती नव्या लॅपटॉपवर टाकली की जुन्या फाईली तिथेही जशाच्या तशा वाचता येतील, म्हणजे आईंचा जीव लगेच भांड्यात पडेल. मग डेस्कटॉपवरूनच प्रत्येक फाईलची पीडीएफ करून ठेवा. हे फार महत्त्वाचं, कारण नंतर रूपांतर करताना ताडून बघायला मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा हातात पाहिजे.

त्यानंतर रूपांतर. वर्ड उघडून फॉन्टचं पूर्ण नाव आकड्यासकट बघा. कृतिदेव ०१० हा हिंदीसाठी, मराठीवाले बहुतेक ०५५ वापरायचे. इंटरनेटवर फुकट मिळणारे कन्व्हर्टर बरेचसे ०१० साठी केलेले असतात, त्यामुळे आधी एकच पान टाकून बघा. जिथे हमखास घोळ होतो त्या जागा म्हणजे ऱ्य आणि ऱ्ह, रफार, पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरं, श्र, ज्ञ आणि अवतरण चिन्हं. आणि ओव्यांमध्ये ओळी तोडलेल्या असतात त्या सपाट होऊन एका परिच्छेदात येतात कधीकधी, त्याकडे लक्ष ठेवा. रूपांतर झालेल्या फाईलीवर आईंनीच एकदा नजर फिरवावी असं माझं ठाम मत आहे. मालवणी शब्द स्पेलचेकला कळणार नाहीत, त्यांना कळतील.

फॉन्ट म्हणून 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता घ्या, मोफत आहे, अक्षर मोकळं आहे, वाचायला डोळ्यांना त्रास नाही. विंडोजचा स्वतःचा निर्मला आहेच, आणि मराठी भाषा जोडली की मंगल, कोकिळा, अपराजिता हे पण उतरतात.

वेंगुर्लेकर:

कोकणातलं मी सांगतो. आधी डिलिव्हरी. पेटी उघडून दाखवणारी डिलिव्हरी असेल तर आईंना एवढंच सांगा की पेटी उघडून, लॅपटॉप बघून, मगच ओटीपी. शेजारच्या कोणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, सील तोडण्याआधीपासून. पेटीवरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर एकच आहे ना ते बघा. बाकी स्क्रीनवर ठिपके, स्पीकर, सगळे यूएसबी, ते तुम्ही आल्यावर. कंपनीच्या साईटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरलीय का तेही बघा, नसेल तर बिल अपलोड करून दुरुस्त करून मिळते.

घरात अर्थिंग आहे का? नसेल तर चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि म्हातारी माणसं घाबरतात. वायरमनला बोलवून बघून घ्या. विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवू नये, रोज थोडा वेळ चालू राहिलेला बरा, आतली ओल जाते. आणि कायम चार्जिंगला लागलेला राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती चालू करा.

एफ_पाच:

सेटअपबद्दल राहिलंच. विंडोज ११ होमला सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतात, तर अकाउंट आईंच्याच नावाने काढा आणि मोबाईल नंबरही त्यांचाच द्या. नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडायची रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये साठते. ती ४८ आकडी की कागदावर छापून बिलाबरोबर फाईलला लावा, उद्या काही अडलं आणि की सापडली नाही तर डिस्कवरचं सगळं गेलं समजा. मराठी भाषा जोडताना डिस्प्लेची भाषा बदलायची खूण असते, ती हवी असेल तरच ठेवा. अक्षरांचा आकार ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन मोठा करा, माऊसचा बाण पण. पहिले अपडेट मोठे असतात, रात्री लावून ठेवा आणि झाकण मिटू नका.

मी (धागाकर्ती):

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आता काय झालं ते लिहिते. लॅपटॉप मी पोचायच्या आदल्या दिवशीच आला! शेजारच्या काकूंच्या नातवाने व्हिडिओ काढला, आईने नंबर ताडून बघितले आणि मगच ओटीपी दिला, डिलिव्हरीवाला मुलगा शांतपणे थांबला बिचारा. मी येईपर्यंत तिने तो चालू केला नाही. रात्रभर टेबलावर नवीन टॉवेलखाली होता.

आधी डेस्कटॉपचं काम केलं, दोन पेनड्राईव्ह, फॉन्ट, पीडीएफ, सगळं सुखरूप निघालं. फॉन्ट खरंच ०५५ निघाला. पहिल्या कन्व्हर्टरने ऱ्ह आणि ळ चा पार चुथडा केला, दुसऱ्याने बरंच बरोबर आणलं, उरलेलं शोधा आणि बदला वापरून केलं. ओव्यांच्या ओळी मात्र शाबूत राहिल्या. पहिली फाईल युनिकोडमध्ये आल्यावर शोधमध्ये 'पंढरी' टाकून दाखवलं आणि एकेक ओवी पिवळी होत गेली तेव्हा आई कितीतरी वेळ पुढचं बटण दाबत बसली होती. आता कुठल्या बाईने सांगितलेली कुठली ओवी कुठे परत आलीय ते शोधायचंय म्हणते, गाव आणि सांगणारीचं नाव प्रत्येक ओवीपुढे टाकून यादी करायला घेतलीय.

टायपिंगचं म्हणाल तर आयएसएम क्लासच्या सरांनी लावून दिलं आणि युनिकोडचं आम्ही दोघींनी तपासून घेतलं. त्यावर ती सुसाट सुटली. पण रोज संध्याकाळी थोडं इन्स्क्रिप्ट करते, ऱ्हचा कागद समोर आहे. अर्थिंग नव्हतंच, वायरमन उद्या येतोय.

एकच राहिलंय. ओव्यांच्या यादीसाठी एक्सेल बरं की वर्डमधलं टेबल? सांगणारीचं नाव, गाव, विषय आणि ओवी एवढे चार रकाने हवेत आणि मराठी वर्णानुक्रमे नीट लागलं पाहिजे. कोणी केलं असेल असं तर लिहा, मी रविवारपर्यंत इथेच आहे.