कंबर म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

ठाण्याहून विचारतेय. परवा आजीला घेऊन वर्तकनगरला डॉक्टरांकडे गेले होते, तिचं एकच चाललेलं की कंबर धरलीय, कंबर धरलीय. डॉक्टरांनी विचारलं पायाला मुंग्या येतात का, वाकताना कळ जाते का, ती सगळ्याला नाही म्हणाली, शेवटी ते म्हणाले आजी बोट ठेवून दाखवा बरं, तर बोट गेलं थेट बाजूला, मांडी सुरू होते तिथे. खुबा! घरी आल्यावर म्हणते, "आमच्याकडं खुबाच म्हणत्यात गं, पण शहरातल्या डॉक्टरला कळंल का नाही म्हणून कंबर म्हणले." मला हे फार लागलं. नेमका शब्द तिच्याकडे होता आणि आपल्यासाठी तिने तो गिळला. तर मला नीट समजून घ्यायचंय, पाठ कुठे संपते, कंबर कुठे सुरू होते, आणि कूस, कड, माज हे काय आहे?

---

ताई, मी नेरूळला फिजिओथेरपी करते, हा घोळ रोज बघते. मणक्यांवरून सांगते. मानेचे 7, बरगड्या ज्यांना जोडलेल्या असतात ते पाठीचे 12, त्याखाली कंबरेचे 5, मग त्रिकास्थी, म्हणजे कुल्ल्यांच्या मधलं तिकोनी हाड, आणि अगदी टोकाला माकडहाड. म्हणजे शेवटची बरगडी संपली की पाठ संपली, तिथून खाली कंबर. आता दोन्ही हात कंबरेवर ठेवून उभ्या राहा, हात ज्या हाडाच्या कडेवर टेकतात त्या दोन कडा मागून रेषेने जोडल्या तर ती साधारण कंबरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन देतात ना, तेव्हा जागा शोधायला हीच रेष बघतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. दोन मणक्यांमधली गादी सरकते ती बहुतेक वेळा इथे किंवा याच्या खालीच, आणि नस दबली की कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाते. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड.

खुबा पूर्ण वेगळा. बाजूला हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा उंचवटा, खरा सांधा आत खोल, म्हणून त्याचं दुखणं पुष्कळदा जांघेत जाणवतं. आणि कूस म्हणजे बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधली मऊ बाजू. मुतखड्याची कळ कुशीतून निघून जांघेकडे उतरते, पेशंट मात्र सांगणार "कंबरेत चमक भरली". कूस म्हणाला असता तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

---

मी कळव्याचा, शब्दांपुरतं बोलतो. कंबर आपल्याकडे फारसी कमरवरून आला. त्याआधीचा आपला शब्द कटी, विठोबाचे हात कटीवरच असतात, आणि त्याचाच झाला कड, म्हणून पोराला कडेवर घेतो, कंबरेवर घेतो असं कोणी म्हणत नाही. करदोट्यातला कर पण हातातला नाही, तो कटीच. माज म्हणजे मधला भाग, मध्यवरून, माजघरातला माज तोच, दागिन्यात माजपट्टा असतो बघा. म्हणजे कंबर आली आणि कटी, कड, माज सगळ्यांची जागा एकटीने घेतली, म्हणून आता ती इतकी ऐसपैस वाटते. पाठीचं तसं झालं नाही, उलट ती माणसांपर्यंत पसरली, पाठचा भाऊ म्हणजे आपल्यानंतर जन्मलेला.

---

दोघांचे खूप आभार. आत्ताच आजीला मोठ्याने वाचून दाखवलं, खूश झाली, आणि उठून माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली हा खवाटा राहिला की सांगायचा, खांद्यामागचं हे चपटं हाड. मी आजपर्यंत त्याला नुसतं "पाठीत वर" म्हणायचे. पुढच्या गुरुवारी परत जायचंय दाखवायला, या वेळी तिला सांगितलंय की तू खुबाच म्हण.