खूप फिरलेल्या पाहुण्यांना जेवायला कुठे न्यावं? मदत हवी आहे

मंडळी, जरा माझ्यासाठी डोकं चालवा. पुढच्या शनिवारी नवऱ्याचे जुने साहेब आणि त्यांच्या मिसेस येतायत, एकच रात्र आहेत, आणि त्यांना जेवायला कुठे न्यायचं यावरून आमच्या घरात चार दिवस नुसता खल चाललाय. साहेबांची निम्मी नोकरी विमानात गेली, रिटायर झाल्यावर दोघं हौसेने फिरतायत, त्यामुळे "चला, तुम्हाला काहीतरी वेगळं खायला घालतो" हा हुकमी पत्ता इथे चालणारच नाही. घरीच का नाही जेवायला घालत असं कुणी म्हणायच्या आधी सांगते, किचनचं काम काढलंय आणि ओटा फोडून ठेवलाय, सध्या चहासुद्धा हॉलमध्ये होतो.

मागे एकदा तोंडावर पडलोय म्हणून एवढी धास्ती. असेच एक फिरस्ते पाहुणे होते, त्यांना आम्ही उंच बिल्डिंगच्या टेरेसवरच्या एका नावाजलेल्या ठिकाणी नेलं, मंद दिवे, एवढाल्या प्लेटा आणि त्यात मधोमध चमचाभर पदार्थ. पाहुणे कौतुकाने म्हणाले, "वा, अगदी परदेशात बसल्यासारखं वाटतंय." नवरा खूश! मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत होतं. म्हणजे एवढा प्रवास करून आमच्याकडे आले आणि जेवले तिथेच जिथे ते कायम जेवतात, मग आम्ही दाखवलं काय?

तर आत्ता तीन जागा डोक्यात आहेत. पहिली नवऱ्याची लाडकी, मोठ्या हॉटेलातली, ठरलेला मेनू, बारा कोर्स, एकेक पदार्थ येणार आणि प्रत्येकाची गोष्ट ऐकायची, तीन तास कुठे जात नाहीत. तो मला मिशेलिनचे दाखले देतो. मग मीही वाचून काढलं, तर ती मुळात टायर कंपनीने १९०० साली गाडीवाल्यांसाठी काढलेली गाईड, तारे द्यायला १९२६ साली सुरुवात झाली, आणि तीन ताऱ्यांचा अर्थ काय तर या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. अरे पण हे दोघं जेवणासाठी येतच नाहीयेत, आपल्याला भेटायला येतायत! शिवाय ते पूर्वेकडून त्याच दुपारी उतरणार, सहा तासांचा फरक आहे, म्हणजे आपले रात्रीचे आठ वाजतील तेव्हा त्यांच्या शरीराच्या घड्याळात दोन वाजलेले असणार. हे घड्याळ साधारण दिवसाला एक तास या हिशोबाने सरकतं म्हणे. नवव्या कोर्सला साहेब बसल्या जागी पेंगले तर कुणाला दोष द्यायचा?

दुसरी जागा आमची नेहमीची. दहा-बारा टेबलं, मालक स्वतः काउंटरवर, आम्ही काय मागवणार हे वेटरला आमच्याआधी माहीत. माझा जीव इथेच अडकलाय खरं सांगायचं तर. पण साहेबांना एका कानाने कमी ऐकू येतं, मशीन लावतात, आणि तिथे सगळीकडे टाइल्स आणि काचा, पडदा म्हणून नाही. गेल्या शनिवारी मोबाईलवर आवाज मोजून आले (हो, एवढी वेडी झालेय). संध्याकाळी सातला ६५ डेसिबलच्या आसपास, साडेआठला ७८-८०. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, मग शेजारचं टेबल चढवतं, मग आपण आणखी. एटिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच कान-नाक-घसा डॉक्टरने १९११ मध्येच हे मांडलंय, लोम्बार्ड इफेक्टच म्हणतात त्याला. आणि मशीन लावणाऱ्याला त्या गलक्यातून समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं फारच जड जातं. म्हणजे जुन्या आठवणी काढायला बसायचं आणि साहेब नुसते हसून मान हलवणार.

तिसरी जागा नवीन आहे, इन्स्टावर सगळीकडे तिचेच फोटो, पण आम्ही दोघंही गेलेलो नाही. पाहुण्यांवर पहिला प्रयोग करायची माझी तरी हिंमत नाही, तेव्हा ती जवळजवळ बादच समजा.

आता विचारायचंय ते असं. नेहमीच्या ठिकाणी सातलाच, आतल्या कोपऱ्यातलं टेबल घेतलं आणि साहेबांचा चांगला कान आमच्या बाजूला, बिघडलेला भिंतीकडे असं बसवलं तर निभेल का? घरात कुणी मशीन लावणारं असेल तर त्यांनी प्लीज अनुभव सांगा. दुसरं, मालकांना आधी सांगून ठेवावं का की पाहुणे खास आहेत? मला भीती अशी की सांगितलं तर ते उगाच थाट करतील आणि नेमकी ती जागा ती जागा राहणार नाही. पथ्य काय, तिखट कितपत चालतं हे मिसेसना फोन करून विचारणारच आहे, त्याचं टेन्शन नाही. बिलावरून मात्र साहेब झटापट करणार हे नक्की, म्हणून नवऱ्याचं कार्ड आधीच काउंटरवर देऊन ठेवायचा विचार आहे, ते आगाऊपणाचं वाटेल का?

आणि तुम्हीच असे फिरलेले पाहुणे असाल तर खरंखरं सांगा, यजमानांनी त्यांच्या रोजच्या साध्या जागी नेलं तर बरं वाटतं, की मनात येतं की आपल्यासाठी एवढंच केलं? टेबल गुरुवारपर्यंत सांगायचंय, आणि नवरा अजून बारा कोर्सवर अडून बसलाय.