बेलीझला इतिहासच नाही म्हणे!

सागरसफर:
क्रूझवरून एक दिवस बेलीझला उतरलो. मध्य अमेरिकेतला चारेक लाख वस्तीचा देश, सगळीकडे इंग्रजी. गाइडने सांगितलं की १७९८ च्या सप्टेंबरात सेंट जॉर्जेस की बेटाजवळ मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून स्पॅनिश आरमाराशी लढले. १० सप्टेंबरला अजून सुट्टी असते. शेजारच्या ग्वातेमालात आणि एल साल्वादोरात यादवी माजली, इथे शांतता. माझं मत स्पष्ट आहे. तिथे आधी नुसतं जंगल होतं. देश घडवला तो इंग्रज लाकूडतोड्यांनी, आणि माणसांना नीट वागवून घडवला.

रानवाट:
सागरसफर, हे वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसतं जंगल? ग्वातेमालातल्या तिकाल या प्राचीन माया शहराच्या इ.स. ५६२ मधल्या पराभवाची नोंद कोरलेली आहे ती काराकोलच्या दगडावर, आणि काराकोल आजच्या बेलीझमध्ये आहे. लमानाई, शुनांतुनिच ही शहरं तिथलीच. इंग्रज आल्यावरही माया लोक होतेच. १७८८ मध्ये त्यांनी न्यू रिव्हरकाठच्या लाकूडतोडीवर हल्ला केला, १८०२ मध्ये महोगनीच्या छावण्या वाचवायला सैन्य मागवावं लागलं. रिकाम्या जंगलात हल्ले कोण करतं?

आता ते 'खांद्याला खांदा'. लढायचं की वस्ती सोडायची, यावर १ जून १७९७ ला सभा झाली. ६५ विरुद्ध ५१ मतांनी राहायचं ठरलं. वस्तीत तीन-चतुर्थांश माणसं गुलाम होती, त्यांना मत नव्हतं. १७६५, १७६८, १७७३ आणि १८२० मध्ये याच गुलामांनी बंडं केली. १७७३ चं बंड काही महिने चाललं. पळालेले गुलाम शेजारच्या युकातान आणि पेतेन या मुलखांत स्पॅनिशांकडे जात, कारण तिकडे मोकळं राहता येई. नीट वागवलेली माणसं शत्रूच्या मुलखात पळत नाहीत.

काम कसं होतं तेही ऐका. एक माणूस उंच झाडावर चढून महोगनीचे शेंडे हेरायचा. बुंध्याच्या मुळांचे पंख जाडजूड, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माचाण बांधायचं आणि त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवायची. उन्हाळ्यात दिवसा बैल टिकत नसत, म्हणून रात्री मशालींच्या उजेडात ओंडके ओढायचे. जूनच्या पुरात ते नदीत सोडायचे. एवढं करून जमीन कुणाची? गोऱ्यांना सरकारी जमीन फुकट मिळत आली होती. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली आणि त्याच वर्षी ती एकरी एक पौंड झाली. सुटलेल्या माणसाला जमीन मिळाली तर तो मजुरीला येणार नाही, ही भीती लंडनहून लेखी कळवली गेली होती. मग उचल द्यायची, मालकाच्याच दुकानातून माल घ्यायला लावायचा आणि माणूस कर्जात अडकवायचा. तुमच्या शांततेचा पाया हा आहे.

सागरसफर:
तुम्ही घरी बसून वाचलंय, मी तिथे गेलोय. गाइड स्वतः क्रिओल होता, त्याच गुलामांचा वंशज. त्याला त्या दिवसाचा अभिमान आहे. त्याचा अभिमान तुम्ही कोण खोटा ठरवणार?

जुना_खलाशी:
साहेब, बेलीझ सिटीला जहाज धक्क्याला लागतच नाही. पाणी उथळ, म्हणून लांब समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी पाहुण्यांना नेतात. आम्ही गॅलीतली, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातली माणसं कित्येकदा वरून किनारा बघूनच परत. पाहुण्यांना चार तास, त्यात इतिहास कुठून दिसणार? कंपन्यांनी बंदरं म्हणजे दुकानं करून टाकलीत, यावर कुणी लिहीत नाही.

माझा जोडीदार बेलीझमधल्या दांग्रिगाचा, गारिफुना होता, म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिब वंशाच्या समाजातला. त्याच्या पूर्वजांना इंग्रजांनी १७९७ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून उचलून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडलं. तिथून ते होड्यांनी पसरले. १९ नोव्हेंबरला, ते बेलीझला पोहोचल्याच्या सणाला, तो बंकमध्ये ढोलाची ध्वनिफीत लावून डोळे पुसायचा. त्याला विचारा इंग्रजांनी नीट वागवलं का. मी रत्नागिरीचा, पण त्या दिवशी त्याच्याबरोबर जेवायचो.

पणजीकर:
सगळे इंग्रज आणि गुलामांवर बोलताय, मूळ मुद्दा राहिला: स्पेनचा वारस म्हणून ग्वातेमाला बेलीझवर सांगते तो हक्क. १७८३ आणि १७८६ च्या तहांत स्पेनने इंग्रजांना लाकूड तोडायची परवानगी दिली, सार्वभौमत्व स्पेनचंच. तीही होंदो ते सिबुन नदीपर्यंत. सिबुनच्या दक्षिणेला, आजच्या दक्षिण सीमेवरच्या सार्स्तून नदीपर्यंत, ते कुठल्या हक्काने गेले? पुढे इंग्रज आणि ग्वातेमालाचा १८५९ चा सीमातह. त्याच्या कलम ७ मध्ये ग्वातेमाला सिटीपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत रस्ता करायचा शब्द आहे. रस्ता झाला नाही. १८६३ मध्ये त्याबदली इंग्रजांनी ५०,००० पौंड द्यायचं ठरलं, तेही प्रत्यक्षात आलं नाही. मग ग्वातेमाला ओरडली तर चूक काय?

उत्तररात्र:
पणजीकर असून स्पेनच्या वारशाने जमीन वाटताय? उद्या पोर्तुगालचा वारस म्हणून कुणी मांडवीवर हक्क सांगितला तर चालेल? १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत बेलीझच्या स्वातंत्र्याच्या बाजूने १३९ मतं पडली, विरोधात शून्य. २१ सप्टेंबर १९८१ ला देश स्वतंत्र झाला. विषय संपला.

पणजीकर:
गोवा मध्ये आणू नका. माझे आजोबा सत्याग्रहात तुरुंगात गेलेत, मला शिकवायची गरज नाही! विषय संपला असता तर ब्रिटिश फौज १९९४ पर्यंत तिथे कशाला होती? आणि बेलीझचे लोक २०१९ मध्ये सार्वमत घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात का गेले? तेही ५५ टक्क्यांच्या आसपास होकाराने. जवळजवळ निम्म्यांना जायचंच नव्हतं.

उत्तररात्र:
गेले कारण रोजची टांगती तलवार नको होती. ग्वातेमालाने १९९१ मध्ये मान्यता दिली, तरी दावा सोडला नाही. नुसत्या कलमाने माणसांचा देश मोडता येत नाही, एवढंच म्हणणं आहे. सूर चढला असेल तर आजोबांबद्दल नाही.

रानवाट:
दोघेही लंडन आणि ग्वातेमाला सिटीत अडकलात. सिबुनच्या दक्षिणेचा टोलेडो जिल्हा, त्यात मोपान आणि केक्ची मायांची गावं, त्यांचं नाव कुणी घेतलं का? १८६७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने नियमच काढला की मायांनी भाडं भरल्याशिवाय कुठल्याही जमिनीवर राहायचं नाही. स्वतःच्या मुलखात भाडेकरू.

सागरसफर:
ते ६५-५१ चं मला माहीत नव्हतं, मान्य. पण लढाईच्या दिवशी गुलाम लढले हे त्याने पुसलं जात नाही. आणि केक्ची तर १८८० नंतर ग्वातेमालातून आले, कॉफीच्या मळ्यांवरच्या वेठबिगारीला कंटाळून. मग ते मूळचे कसे?

रानवाट:
लढले, हे मी कुठे नाकारलं? त्याबद्दल त्यांना काय मिळालं, ते विचारते आहे. अजून चाळीस वर्षं गुलामी. केक्चींबाबत जमीनहक्काच्या खटल्यात सरकारी वकिलांनीही तुमचाच मुद्दा लावला होता. पण सीमा १८५९ मध्ये दोन सरकारांनी आखली, डोंगरातल्या माया वाटा त्याआधीच्या आहेत. एप्रिल २०१५ मध्ये कॅरिबियन न्यायालयासमोर सरकारला टोलेडोतल्या माया गावांचा परंपरागत जमीनहक्क मान्य करावा लागला. पुढच्या वेळी गेलात तर किनाऱ्यावरच्या दुकानांपेक्षा तिकडे जा आणि जमीन कुणाची ते त्यांनाच विचारा.

जुना_खलाशी:
चार तासांत जमणार नाही ताई, तिथे मुक्कामच करावा लागेल.

पणजीकर:
तेही बरोबर. पण कलम ७ चं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.